चिमणीखालचा मॉल

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर गिरणीची एक चिमणी अजून उभी आहे. तिच्या बुडाशी कॉफी मिळते, परदेशी बनावटीची घड्याळं मिळतात. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिल्स कंपनीचं हे आवार. पूर्वी इथे कापड निघायचं, आता नुसतं विकलं जातं. भर शहरातल्या या मॉलची किंमत करायची तर आतल्या दुकानांकडे बघून भागत नाही, खालच्या जमिनीकडे बघावं लागतं.

मॉल ही मुळात उपनगरासाठी निघालेली कल्पना. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदाने १९५६ मध्ये मिनिआपोलिसजवळ ‘साउथडेल सेंटर’ उभारलं. सगळं एका छताखाली, वातानुकूलित, भोवती गाड्यांसाठी मोकळं मैदान. विखुरलेल्या वस्तीला चार माणसं भेटतील असा चौक मिळावा, हा त्याचा हेतू. पुढे अमेरिकेत अशा मॉलचं पीक आलं, गावातल्या जुन्या बाजारपेठा ओस पडल्या आणि ग्रूएनने स्वतःच या प्रकारापासून हात झटकले. मुंबईत चौकांचा तुटवडा कधीच नव्हता. दादर होतं, हिंदमाता होतं, क्रॉफर्ड मार्केट तर १८६९ पासून होतं. इथे मॉल आला तो शहराच्या पोटात अचानक जमीन रिकामी झाली म्हणून.

ती रिकामी का झाली, हे गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. भोंगे एकेक करून बंद पडले आणि मागे उरली सुमारे सहाशे एकर जमीन, तीही मुंबईच्या ऐन मध्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या कलमाने या जमिनीची वाटणी ठरवून दिली होती. गिरणी पाडून नवं बांधायचं तर साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. कागदावर उत्तम. मात्र जुन्या इमारती न पाडताच वापरल्या, तर वाटा द्यावा लागत नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने ही फट दरवाजाएवढी केली. वाटणी फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच होणार, असं ठरलं. आता गिरणीच्या आवारात मोकळं असतं काय? साचेखातं, गोदाम, बॉयलरची खोली, कचेरी, आणि मधून लॉरी जाईल एवढा रस्ता. पर्यावरणवादी याविरुद्ध न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथे विषय संपला.

फिनिक्समधला बदल त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला होता. आधी बोलिंग अ‍ॅली आली. तिची परवानगी कामगारांच्या करमणुकीच्या नावावर घेतली गेली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. (साचेखात्यातला कामगार पाळी संपवून बोलिंग खेळायला चाललाय, हे चित्र ज्याला सुचलं त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.) मग बिग बझार आलं, पुढे बड्या ब्रँडांचं पॅलेडियम आलं.

तरीही मॉलला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. १९९९ मध्ये हाजीअलीला ‘क्रॉसरोड्स’ उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून काही दिवस प्रवेशाचे पैसे मागितले जात. फिनिक्सचं बिग बझार बरोबर उलटं होतं. करी रोडच्या चाळीतली बाई तिथे तूरडाळ आणि कुकर घ्यायला बिनधास्त जायची. ही साखळी आता उरलेली नाही, आणि तिच्यासोबत ते गिऱ्हाईकही आवारातून बरंचसं पातळ झालं. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. दिवसभर खरेदीला बाहेर पडलेल्या बाईला दादरच्या रस्त्यावर जी सोय शोधून सापडत नाही, ती इथे फुकट आणि स्वच्छ मिळते. यावर हसणारे बहुधा पुरुष असतात.

दुखणं आहे ते काठावर. जुन्या बाजाराची दुकानं रस्त्याकडे तोंड करून असतात, मॉलची रस्त्याकडे पाठ करून. आत चकचकीत फरशी. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पदपथ कधी आहे, कधी नाही. गिरण्यांच्या जागी हजारो माणसांच्या कचेऱ्या आल्या, पण स्टेशनं आणि पूल गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला शेजारच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण दगावले. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं लोक वळसे घालत होते आणि मॉल मजेत चालू होता.

यातलं एकही पाप मॉलवाल्यांच्या माथी मारता येणार नाही. ज्या जमिनीवर बाग, रुंद पदपथ आणि कामगारांची घरं व्हायची होती, ती सोडवून घेणं हे सरकारचं आणि महापालिकेचं काम होतं. दुकानदार दुकानच टाकणार.

म्हणून माझी गुणपत्रिका अशी: बाजार म्हणून दहापैकी आठ, शहराचा तुकडा म्हणून चार. कापलेले सहा गुण बव्हंशी मंत्रालयाच्या खात्यावर लिहावेत.