वीस लाख छतांवरचं ऊन

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊर्जेचं ऊन पडतं. गुणाकार केला की या एकट्या जिल्ह्याच्या वाट्याला दिवसाला ८,५०० कोटी युनिट येतात. अख्ख्या भारताची वीजनिर्मिती दिवसाला ५०० कोटी युनिटच्या घरात आहे. अकोले ते जामखेड एका दिवसात पडणारं ऊन म्हणजे देशाची सतरा दिवसांची वीज!

आता याच जिल्ह्यातल्या एका घरकुलावर या. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. त्याच्या स्लॅबवर दिवसाला सव्वाशे युनिट ऊन पडतं, आणि आत राहणारं कुटुंब बहुधा महिन्याला शंभर युनिटसुद्धा जाळत नाही. महिन्याची गरज एका दिवसात डोक्यावर येऊन पडते. हे गणित मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात गरिबाच्या घराला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

पडलेलं सगळं ऊन अर्थात हाती लागत नाही. एक किलोवॅटसाठी दोन मोठी पॅनल लागतात, जागा जेमतेम पाच चौरस मीटर. त्यांच्यावर दिवसाला साधारण २५ युनिट ऊन पडतं आणि वीज मिळते ४ युनिट. तरीही महिन्याचे १२० होतात. घराचं भागतं.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात राज्यातल्या २० लाख घरकुलांना मंजुरीपत्रं दिली गेली. राज्य सरकारनं प्रत्येक घराला ५० हजारांचं वाढीव अनुदान मंजूर केलं, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. या प्रत्येक छतावर एक किलोवॅट बसला तर २,००० मेगावॅट होतात. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. (कोयना रात्रीही चालते, ऊन संध्याकाळी संपतं, ही तुलना क्षमतेपुरतीच.) पॅनल लागतील ४० लाख. एकापुढे एक मांडली तर रांग नऊ हजार किलोमीटरची होईल. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २ मेगावॅटचा प्रकल्प झाला; तसले एक हजार प्रकल्प या छतांत दडलेले आहेत. जमिनीवर एवढं उभारायचं तर आठ हजार एकर तरी रान लागेल. इथे एक गुंठाही जात नाही.

पैशाचाही मार्ग निघाला आहे. राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटच्या सुमारे ५० हजारांपैकी ३० हजार केंद्र देतं, साडेसतरा हजार राज्य, आणि घरच्यांनी भरायचे फक्त अडीच हजार.

अडचण याच्या पुढे सुरू होते. लाईट गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं. ऊन रखरखत असतं, पॅनल धडधाकट असतं, आणि पंखा थांबलेला. बिनबॅटरीचा संच लाइनशी जोडलेला असतो. लाइन बंद असताना त्यानं वीज सोडली तर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हे आधी सांगितलं नाही तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. कागदावर सही घेण्याआधी दारात बसून सांगायची पहिली गोष्ट हीच.

रात्रीचं काय? त्याचंही उत्तर याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: जादा विजेनं पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची. एक पंखा आणि दोन एलईडी दिवे मिळून शंभर वॅटच्या आत. वीस लाख घरकुलांत ते एकाच वेळी लागले तरी दोनशे मेगावॅट होत नाहीत. चार युनिट घालून तीनच परत मिळतात, तरी एकटं घाटघर तेवढा भार काही तास पेलू शकतं.

मला खरी काळजी काजळीची आहे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा हा सगळा साखर कारखान्यांचा मुलूख. गाळप सुरू झालं की बगॅसची काळी राख उडते, कारखान्याजवळच्या गावांत सकाळी अंगण काळं होतं. आणि गाळपाचे महिने म्हणजेच निरभ्र आभाळाचे महिने. दहा टक्के वीज घटली तर एका घराचे महिन्याला १२ युनिट जातात, वीस लाख घरांचे दिवसाला ८ लाख.

धुवायचं म्हटलं तर एका छताला दहा लिटर पाणी. वीस लाख छतांना एका वेळी दोन कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. पाथर्डी-पारनेरला उन्हाळ्यात प्यायला टँकर येतात, तिथे पॅनल कोण धुणार? शिवाय तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. काच तापायच्या आत ओल्या फडक्यानं पुसणं हाच मार्ग, पण बहुतेक घरकुलांना जिनाच नसतो आणि म्हातारी माणसं शिडी चढणार नाहीत. माझी मागणी साधी आहे: ग्रामपंचायतीनं शिडी, फडकं आणि एका माणसाचा रोज एवढा खर्च योजनेतच धरावा. शंभर घरकुलांच्या गावात सकाळी दहा छतं पुसली, तर दहा दिवसांत गावाची एक फेरी होते.