सातबारा बघितला, गवताचं काय?

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. फलटणजवळ चार एकर बघितलीय, दोन घोड्या ठेवायच्यात, परवा विसार द्यायचाय. "तू सायन्सवाली ना, माती परीक्षणाचा रिपोर्ट तेवढा बघून सांग."

सातबारा, फेरफार, बोजा, रस्ता हे सगळं वकिलाने तपासलं होतं. रिपोर्टही चांगला होता. चुनखडीची काळी माती, कॅल्शियम भरपूर. शेतात नेपिअर, म्हणजे आपलं हत्ती गवत, उभं होतं आणि त्यावर जुन्या मालकाच्या म्हशी मस्त पोसल्या होत्या. मग अडचण काय?

अडचण अशी, की रिपोर्ट ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न भावाचा नव्हताच. घोडी माती खात नाही, गवत खाते. नेपिअर, गिनी, अंजन या गवतांत ऑक्झॅलेट बरंच असतं आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. म्हशीच्या पहिल्या पोटातले जीवाणू ऑक्झॅलेट फोडतात, कॅल्शियम मोकळं होतं आणि पुढे आतड्यात शोषलं जातं. घोड्यातही असे जीवाणू असतात, पण मोठ्या आतड्यात. कॅल्शियम मात्र मुख्यतः त्याआधीच, लहान आतड्यात शोषलं जातं. म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट हातात!

महिनोन्‌महिने हेच चाललं, तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. घोडी लंगडते, चेहऱ्याची हाडं सुजतात. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), रक्तातलं कॅल्शियम बऱ्याचदा नॉर्मलच येतं, कारण ते नॉर्मल ठेवण्यासाठीच तर हाडं झिजत असतात. पीएचडीला येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. जी गोष्ट शरीर काटेकोरपणे सांभाळतं, तीच मोजून आपण "सगळं ठीक" म्हणतो.

त्याला म्हटलं, गवत तपासून घे. तिथेही पुन्हा तोच सापळा आहे, कारण चाऱ्याच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये एकूण कॅल्शियम येतं, बांधलेलं किती ते येत नाही. ऑक्झॅलेट वेगळं मागावं लागतं. कॅल्शियम भागिले ऑक्झॅलेट हे गुणोत्तर ०.५ च्या खाली गेलं, तर धोका. नमुना बांधाजवळच्या एकाच ठोंबाचा नको. शेतभर फिरून दहा-पंधरा ठिकाणचा कापून एकत्र करायचा. कोवळ्या पानांत ऑक्झॅलेट जास्त असतं, म्हणून गवताचं वयही लिहून ठेवायचं.

गवत नापास झालं तरी जमीन नापास होत नाही. लसूणघास लावता येतो, त्यातलं कॅल्शियम घोड्याला चांगलं मिळतं. पण त्याला पाणी लागतं आणि चिबड जमीन अजिबात चालत नाही. शिवाय एक घोडी दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. तेव्हा विहीर मे महिन्यात बघायची आणि शेत भर पावसाळ्यात. काळ्या चिखलात तासन्‌तास उभं राहून खूर कुजतात, ते फेब्रुवारीच्या कोरड्या रानात कसं दिसणार?

"म्हणजे विसार नको देऊ?" भाऊ वैतागला. मी म्हटलं, आधी शेजाऱ्याला विचार, मागच्या मे महिन्यात टँकर आला होता का.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज: टँकर आला होता. गवताच्या पिशव्या मात्र त्याने भरून ठेवल्यात.