वाढता वीजभार आणि घरातील वीजसंच मांडणी

कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीज १९६२ मध्ये मिळू लागली, त्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात ज्या घरी वीज पोहोचे त्या घराची गरज मर्यादित होती. साठ वॅटचे चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एकाच वेळी चालविले तरी दोन अँपिअरहून अधिक विद्युतधारा लागत नसे. त्या काळी घातलेल्या तारा, लाकडी फळीवरील किटकॅट फ्यूज आणि लहान मेन स्विच त्या गरजेस पुरेसे होते.

आज त्याच घरांत गीझर, इंडक्शन शेगडी, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्र आले आहे. उपकरणे बदलली, पण भिंतीतील तारा, वितरण फलक आणि वीजदेयकावर नोंदलेला मंजूर भार मात्र बहुधा पूर्वीचाच राहिला. वीजभार वाढविणे म्हणजे नेमके काय आणि ते कोणत्या क्रमाने करावयाचे, हे प्रत्येक कुटुंबाने आणि सार्वजनिक इमारतींची जबाबदारी असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

भाराचा हिशेब

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागले की त्यास लागणारी विद्युतधारा सुमारे किती अँपिअर आहे, हे कळते. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा त्याच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी.

एका मध्यमवर्गीय घराचे उदाहरण घेऊ. सकाळी गीझर (२,००० वॅट), इंडक्शन शेगडी (१,८००), एक अश्वशक्तीचा पंप (सुमारे १,०००), शीतकपाट (२००) आणि पाच पंखे (३५०) एकाच वेळी चालू झाले, तर एकूण भार ५,३५० वॅट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर होतो. या घराचा मंजूर भार एक किलोवॅट असेल, तर नोंद आणि वस्तुस्थिती यांत पाचपटींहून अधिक अंतर पडते. घरातील सर्व उपकरणांची बेरीज म्हणजे जोडभार. त्यांपैकी एकाच वेळी चालणाऱ्यांची बेरीज म्हणजे कमाल मागणी. भार ठरविताना दोन्ही आकडे हाताशी असावेत.

तार का तापते

तारेतून धारा वाहताना उष्णता निर्माण होते आणि ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या तारेतून १० अँपिअर वाहत होते तिच्यातून २० अँपिअर वाहू लागले, तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते. सतत तापल्याने तारेचे आवरण कडक होऊन तडकते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अनेक इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांचे सांधे काळाच्या ओघात सैल होतात आणि सैल सांधा हेच अनेकदा आगीचे मूळ ठरते.

फ्यूज किंवा एमसीबी हा तारेचा राखणदार आहे. भार वाढला की तो पुरवठा तोडतो. हे वारंवार होऊ लागले की १६ अँपिअरची एमसीबी काढून ३२ अँपिअरची बसविण्याचा किंवा फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याचा मोह होतो. असे केल्याने तारेची क्षमता तिळमात्र वाढत नाही. एमसीबी शांत राहते आणि तार भिंतीच्या आत जळत राहते. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा : उपकरणाच्या धारेपेक्षा एमसीबी मोठी असावी आणि एमसीबीपेक्षा तारेची क्षमता अधिक असावी.

तांब्याच्या तारांबाबत साधारण प्रघात असा की, दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, मोठ्या प्लगसाठी २.५ आणि गीझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तार वापरावी. अशा प्रत्येक जड उपकरणास फलकापासून स्वतंत्र तार व स्वतंत्र एमसीबी असावी.

माणसाचे संरक्षण

एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी धाराही शरीरातून गेल्यास प्राणघातक ठरू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीस तिची जाणीवही होत नाही. यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, सुस्थितीतील अर्थिंग. दुसरी, आरसीसीबी हे उपकरण. गेलेली आणि परतलेली धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात पुरवठा खंडित करते. फलक बदलताना होणाऱ्या खर्चात हे उपकरण वगळणे ही काटकसर नव्हे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतींच्या घरांत तर ते टाळूच नये.

कार्यपद्धती

प्रथम भाराचा हिशेब करावा. मग अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडून तारा, सांधे, अर्थिंग आणि आवरणाचा रोध यांची तपासणी करून घ्यावी आणि आवश्यक तेथे तारा व फलक बदलावा. काम झाल्यावर ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागून घेऊन जपून ठेवावा.

त्यासोबत भारवाढीसाठी वितरण कंपनीकडे अर्ज करावा. राज्याच्या बहुतांश भागात ही कंपनी म्हणजे २००५ मध्ये विद्युत मंडळाच्या विभाजनातून निर्माण झालेली महावितरण होय. कंपनी मागणीपत्र देते. रक्कम भरल्यावर गरजेनुसार मीटर व सर्व्हिस वायर बदलली जाते. मीटरपर्यंतची यंत्रणा कंपनीची आणि त्यापुढील ग्राहकाची असते. म्हणून मीटरच्या मोहोरेस खाजगी वायरमनने हात लावू नये. एका फेजची मर्यादा ओलांडणाऱ्या भारास तीन फेजची जोडणी घ्यावी लागते. तेथे भार तिन्ही फेजवर समतोल वाटलेला असावा.

विद्युत (ग्राहक हक्क) नियम, २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परिपूर्ण अर्ज आल्यापासून नवी जोडणी अथवा जोडणीतील बदल यांसाठी महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची कमाल मुदत आहे. डोंगराळ प्रदेशातील गावांसाठी आणि वाहिनीचा विस्तार करावा लागल्यास अधिक अवधी मिळतो.

एका घराचा नव्हे, गावाचा प्रश्न

गावातील १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे १४० अँपिअर देऊ शकते. त्यावर ८० घरे असून प्रत्येकाची नोंद एक किलोवॅटची असेल, तर कागदोपत्री ते पुरेसे असते. प्रत्यक्षात ही घरे एकाच वेळी दोन-दोन किलोवॅट घेऊ लागली की दाब घटतो, पंपाची मोटार जळते आणि अखेरीस रोहित्र नादुरुस्त होऊन सर्व गाव अंधारात जाते. वितरण कंपनी रोहित्राचे नियोजन नोंदलेल्या भारावरून करते. जो भार नोंदलाच नाही त्यासाठी मोठे रोहित्र मंजूर व्हावे कसे? मंजूर भार वाढवून घेणे हे म्हणूनच शेजाऱ्याविषयीचेही कर्तव्य ठरते.

ग्रामपंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडून भारवाढीचे अर्ज एकत्रितपणे सादर करण्यास साह्य करावे. शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत कार्यालयांत संगणक आणि जलशुद्धीकरण यंत्रे बसविण्यापूर्वी तेथील तारा व अर्थिंग तपासून घेणे ही संबंधित अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. शिक्षकांनी आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरच्या उपकरणांच्या वॅटची यादी करून घेतली, तर विज्ञानाचा एक पाठ होईल आणि घरोघरी भाराचा हिशेबही होईल.

प्रत्येक वेळी भार वाढविलाच पाहिजे असेही नाही. एलईडी दिवे, कमी विजेवर चालणारे पंखे आणि सौर पाणीतापक यांमुळे मागणी घटते. पंप, गीझर व शेगडी निरनिराळ्या वेळी चालविल्यास कमाल मागणी निम्म्यावर येऊ शकते. त्यानंतरही जी गरज उरेल, तिची मात्र नोंद व्हावी आणि तिच्या तोडीची तार, फलक व अर्थिंग घरात असावे.