चौथी कळ कोणी दाबली?

तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेल्या चौथीचंही अक्षर उमटतं. प्रोग्राममध्ये काय चुकलं? मायक्रोकंट्रोलरला स्वतः कीबोर्ड जोडणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आणि ‘डिबाउन्सचा वेळ वाढवा’ हा त्यांना हमखास मिळणारा सल्ला. या दुखण्यावर तो लागू पडत नाही. कळ दाबताना आतले धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एक दाब दोन-तीनदा मोजला जातो, हे खरं; डिबाउन्स म्हणजे ही थरथर थांबेपर्यंत वाट पाहणं. पण थरथरीमुळे तेच अक्षर दोनदा येईल, भलतं येणार नाही. तेच अक्षर पुन्हा आलं तर दोष वेळेचा. भलतं आलं तर बहुधा वाटेचा, आणि वाट तारांमध्ये शोधायची.

64 कळांना 64 पिना परवडत नाहीत, म्हणून त्या 8 ओळी आणि 8 स्तंभांच्या जाळीत बसवतात. 16 पिनांत भागतं. 1982च्या कमोडोर 64मध्येही अशीच जाळी होती. चिप एकेक ओळ शून्य व्होल्टवर आणते आणि तिच्याबरोबर कोणता स्तंभ खाली आला ते वाचते. आता पहिल्या ओळीतल्या पहिल्या दोन कळा आणि दुसऱ्या ओळीतली पहिली कळ दाबून धरा. दुसरी ओळ शून्यावर येताच पहिला स्तंभही खाली येतो. त्यावरून पहिली ओळ, आणि तिच्यावरून दुसरा स्तंभ. आयताचे तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप ‘दाबला’ जातो तो असा. प्रत्येक कळीला 1एन4148सारखा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड जोडला, की ही उलटी वाट बंद होते.

म्हणूनच सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी बिघडलेल्या कळा कागदावरच्या जाळीत मांडाव्यात. एकच कळ मुकी असेल तर स्विच किंवा उलटा बसलेला डायोड. अख्खी ओळ गेली तर तिची तार किंवा पिन. सगळ्याच कळा गेल्या तर बहुधा सगळे डायोड उलटे. हात न लावता अक्षरं येत असतील तर एरवी स्तंभांना वर धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर तपासावा. एका ओळीतली कळ पुढच्या ओळीतही दिसत असेल, तर स्तंभ पुन्हा वर यायच्या आतच तो वाचला जातोय. 30 किलोओहमचा पुल-अप आणि तारांची 100 पिकोफॅरड धारिता धरली, तर कालांक 3 मायक्रोसेकंद येतो. 16 मेगाहर्ट्‌झच्या चिपला तेवढ्यात 48 ठोके मिळतात. वाचण्याआधी थोडं थांबणं, हा मात्र खरोखर प्रोग्राममधला उपाय.

यावर कोणी म्हणेल, बाजारातल्या कितीतरी स्वस्त कीबोर्डांत डायोड नसतात, तरी ते चालतातच की! चालतात, कारण शिफ्ट, कंट्रोलसारख्या कळा त्यांत वेगळ्या तारांवर काढलेल्या असतात आणि संशयास्पद आयत दिसला की आतला प्रोग्राम नवी कळ सरळ गाळतो. गाळण्यावाचून त्याला गत्यंतरही नाही: तीन कोपरे दाबले काय किंवा चारही दाबले काय, त्याच्यापर्यंत पोचणारे आकडे तेच. जी माहिती तारांमध्येच हरवली, ती कितीही हुशार कोड परत आणू शकत नाही. पत्र टंकणाऱ्याला याने फरक पडत नाही. पण साध्या कीबोर्डवर सहा कळा एकदम दाबून ब्रेल लिहिणाऱ्याची एक कळ गाळली गेली, तर एक टिंब जातं आणि अक्षरच बदलतं. डायोडचा खर्च वाचतो, पण त्याची किंमत ब्रेल लिहिणाऱ्याला मोजावी लागते.