जुन्या निगेटिव्ह : घरी स्कॅन कराव्यात की लॅबमध्ये?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आणि शाळांच्या कपाटांत रोल कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह पडून आहेत. लोणारची सहल, सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव, दहावीचा निरोप समारंभ. लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं. तीस वर्षांपूर्वी काठ कसा दिसायचा, हे मुलांना दाखवायला असे फोटोच कामी येतात. पण उन्हाळ्याची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल फिल्मला खाते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म खराब होऊ लागली असं समजा आणि आधी तीच स्कॅन करा.

घरी कसं करायचं?

झेरॉक्सवाल्याचा साधा स्कॅनर इथे चालत नाही. तो कागदावरून परतलेला प्रकाश टिपतो. निगेटिव्हला मात्र प्रकाश आरपार जावा लागतो. म्हणून झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. नाहीतर मोबाईलची पांढरी स्क्रीन खाली ठेवा, थोड्या अंतरावर निगेटिव्ह धरा आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा. अगदी चिकटवून ठेवली तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात.

मग ॲपमध्ये रंग उलटे करा. रंगीत फिल्मचा मूळ रंग नारिंगी असतो, त्यामुळे उलटल्यावर फोटो निळसर दिसतो; तो दुरुस्त करावा लागतो. फळ्यावरची अक्षरं उलटी दिसली, तर निगेटिव्हची बाजू चुकली आहे.

लॅबमध्ये काय जास्त मिळतं?

रंग नीट जुळतात, सावलीतले चेहरे उघडतात. काही यंत्रं इन्फ्रारेड किरणांनी धूळ आणि ओरखडे ओळखून काढतात. मात्र जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, म्हणून तिथे ही सोय चालत नाही. खर्च येतो, आणि निगेटिव्ह बाहेरगावी पाठवली तर हरवण्याची जोखीम असते. मूळ प्रत एकच असते!

वर्गात करता येईल असं गणित

35 मिमी फिल्मची चौकट 36 × 24 मिमी असते. एका इंचात 2400 ठिपके घेतले तर :

36 ÷ 25.4 × 2400 = सुमारे 3400
24 ÷ 25.4 × 2400 = सुमारे 2270

गुणाकार केला की जवळपास 77 लाख ठिपके. इंचाला 300 ठिपके धरले, तर साधारण 11 × 7.5 इंचाचा स्वच्छ फोटो छापता येतो. लॅबला पैसे देण्याआधी "फाईल किती पिक्सेलची देणार?" हे जरूर विचारा.

मग काय करावं?

दोन्ही करा. आधी घरी सगळ्या निगेटिव्हचे मोबाईलने फोटो काढा. ते घरातल्या मोठ्यांना, जुन्या शिक्षकांना दाखवून नावं आणि साल लिहून घ्या. हे काम कोणतीही लॅब करून देणार नाही. त्यातून मोजक्या दहा-वीस निवडा आणि त्याच लॅबमध्ये द्या. शक्यतो स्वतः नेऊन द्या.

आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह फेकू नका. कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात ठेवा. मोबाईल बिघडतो, मेमरी कार्ड जातं. निगेटिव्ह असेल तर पुन्हा स्कॅन करता येतं.