ढाल नको, औषधपाणी हवं!

दिवाळी झाली, धान घरात आलं, की आमच्या करडीकडे मंडईचे दिवस सुरू होतात. रात्री नाटक आणि गावोगावी कबड्डीचे सामने. कितीतरी सामने कुणाच्या तरी 'स्मृतिप्रीत्यर्थ'. फोटोला हार, बक्षीस, ढाल, आणि दुसऱ्या दिवशी मंडप खाली!

यंदा आमच्या बचत गटात एका आईनंच विषय काढला. तिची तरुण लेक सिकलसेलनं गेली. म्हणाली, "माह्या पोरीच्या नावानं सामने करा बाई, पन ढाल नोको. दुसऱ्याच्या लेकराले कामी येईल असं करा."

मला टेरी फॉक्स आठवला. कॅनडाचा हा पोरगा. कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पायानं तो कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी धावला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर! १९८१ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड तेव्हापासून देशोदेशी होते, मुंबईतही झाली. तिथे पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. पैसा जातो तो आजारासाठी.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी दुःख देतो. त्यात बोल लागतो तो आईलाच! खरं तर आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष कुणा एकीचा नसतोच. सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. मग पैसा कशाला? तर भंडारा-नागपूरच्या फेऱ्या, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, तिथलं जेवणखाण, यातच घर खचतं.

म्हणून आम्ही ठरवलं. मंडप, पाणी, पंचांचा खर्च गावातल्यांनी वाटून घ्यायचा. प्रवेश फी आणि दानपेटी मात्र पूर्ण आजाऱ्यांची. पेटी चारचौघींसमोर उघडायची, हिशेब फळ्यावर लिहायचा. संस्था नोंदणीकृत नसेल, तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढायची.

मैदानाशेजारी आरोग्य केंद्राच्या ताईंना बोलावून तपासणीचं टेबल लावायचं. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. त्यात शंका आली, की पुढची पक्की तपासणी. लग्नाळू पोरापोरींनी तर आधी हेच करावं, पत्रिका नंतर!

सिकलसेलच्या लेकरांना अति दमणूक, तहान, थंडी सोसत नाही. त्यांना मैदानात उतरवायचं नाही, पण घरीही बसवायचं नाही. गुणफलक त्यांच्याच हाती!

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असे सामने होतच असतील. वर्गणी मागायला मंडळी आली, की चहा द्या आणि एवढंच विचारा, "यातले आजाऱ्याला किती?"