घर चाललं, पण जमीन कुणाची?

इंडोनेशियातल्या बुगिस लोकांच्या गावात माणसं आख्खं घर खांद्यावर घेऊन चालतात. रील व्हायरल होतं ते त्याचं. पण त्या घराखालची जमीन, तिच्यावरचं नाव आणि लग्नात होणारा हिशेब याची गोष्ट त्याहून भारी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडे गावी गेले होते. रात्री जेवणं झाली आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये घुसले. मला एक रील दिसलं, ते मी सगळ्यांना दाखवलं. हिरवीगार भातशेती, मधून रस्ता आणि त्या रस्त्यावरून एक घर चाललंय. पत्र्याचं छप्पर, लाकडी भिंती, खिडक्या, सगळं जागच्या जागी. खाली नीट पाहिलं तर शंभरेक माणसांचे पाय.

दादा म्हणाला, "एआय असणार." काकू म्हणाली, "अगं बाई, पडलं म्हणजे?" आत्याने मात्र चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "घर नेलं ते कळलं. पण ते उभं होतं ती जागा कुणाची? आणि आता ठेवणार ती कुणाची?"

आत्या काही वकील नाही. बारा वर्षांपूर्वी आजोबांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिने सही केली होती. मी तेव्हा दहा वर्षांची. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी घरात पुरणपोळी होती आणि आत्याला साडी मिळाली होती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सुट्टी संपली तरी तो डोक्यातून जाईना. मग पुस्तकं, इंडोनेशियाचे कायदे, जे हाताला लागेल ते वाचत गेले. एआय तर नव्हतंच. असा प्रकार तिथे खरोखर होतो.

'बोला' म्हणजे घर

इंडोनेशियाच्या नकाशावर ऑक्टोपससारखं हातपाय पसरलेलं एक बेट दिसतं, ते सुलावेसी. त्याच्या दक्षिण टोकाकडचा प्रांत दक्षिण सुलावेसी, राजधानी मकास्सर. बोने, वाजो, सोप्पेंग, सिद्राप, बारू हे तिथले जिल्हे बुगिस लोकांचे. २०१०च्या जनगणनेत बुगिसांची संख्या ६० लाखांच्या वर होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुसलमान झाले. जगात त्यांची ओळख दर्यावर्दी म्हणून आहे, पण गावातला बुगिस माणूस प्रामुख्याने भातशेती करणारा.

बुगिस भाषेत घराला 'बोला' म्हणतात. (हो, आपल्याला गंमत वाटतेच.) हे घर लाकडी खांबांवर उभं असतं. त्याचे तीन भाग. वरचा माळा म्हणजे 'रक्केआंग', तिथे पूर्वीपासून भात साठवतात. मधला भाग राहायचा. आणि खांबांमधली खालची मोकळी जागा म्हणजे 'आवा बोला'. तिथे कोंबड्या, मोटरसायकल, बसायला बांबूचा बाक, वाजोसारख्या भागात रेशमी लुंगी विणायचा मागसुद्धा. दुपारच्या गप्पा इथेच होतात. घराच्या खांबांपैकी एक खांब मानाचा. त्याला 'पोस्सी बोला' म्हणतात, म्हणजे घराची बेंबी. छपराच्या त्रिकोणी दर्शनी भागावर जितके थर जास्त, तितकं घराणं वरचं. म्हणजे रस्त्यावरूनच कळतं, आत कोण राहतं.

असं घर हलवायचं झालं तर आतलं फुटण्यासारखं सामान आधी बाहेर काढतात. खांबांना आडवे-उभे बांबू बांधतात. अनेक गावांत शुक्रवारच्या नमाजानंतरची वेळ ठरवतात, कारण तेव्हा गावातले पुरुष एकत्र असतात. एक जण ओरडून ताल देतो आणि बाकीचे उचलतात. बायका सगळ्यांसाठी रांधतात. मजुरी कुणी मागत नाही. आज मी तुझं घर उचललं, उद्या तू माझं. या प्रकाराला 'मप्पालेत्ते बोला' म्हणतात. जागा लांब असेल तर घर सुटं करून न्यायचं आणि तिकडे पुन्हा जोडायचं.

आता आत्याचा प्रश्न. जमीन कुणाची?

उत्तर असं, की घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असू शकते आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मामाच्या जागेवर भाच्याने घर बांधलं, तर घर भाच्याचं, जागा मामाचीच. घर विकलं म्हणून जमीन विकली असं होत नाही. इंडोनेशियाच्या जमीन कायद्यानेही हेच तत्त्व रूढीतून उचललंय. १९६०चा त्यांचा मूळ जमीन कायदा रूढीवरच उभा आहे. जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम या तिथे दोन वेगळ्या मालमत्ता. त्यामुळे नातं बिघडलं, जागेची वाटणी झाली किंवा जागा विकली गेली, तर माणूस घरासकट उठू शकतो. रीलमध्ये आपल्याला जत्रा दिसते. पण कधीकधी त्यामागे भावाभावांत झालेली वाटणीही असते.

चिठ्ठीत निघालेलं शेत

जमिनीचे प्रकारही मजेदार आहेत. वाजो जिल्ह्यात सेंगकांग गावाजवळ तेम्पे नावाचं मोठं तळं आहे. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आटतं. तळ्यातच बांबूच्या तराफ्यांवर तरंगती घरं आहेत. पाणी ओसरलं की तळाची जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यावर मका, कडधान्यं घेतात. उजनी किंवा जायकवाडीच्या काठच्या मित्रमैत्रिणींना हे लगेच कळेल, आपल्याकडे तिला गाळपेर जमीन म्हणतात. तेम्पेच्या या जमिनीपैकी काही तुकडे कायमचे कुणाचेच नसतात. त्यांना 'तानाह कोती' म्हणतात आणि ते चिठ्ठ्या टाकून वाटतात. यंदा चांगला तुकडा मिळाला, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. मग पाणी येतं आणि तीच जमीन पुन्हा मासेमारीची जागा होते.

बाकी भातखाचरं खाजगी मालकीची. ज्याच्याकडे जमीन नाही तो दुसऱ्याची वाट्याने करतो, त्याला 'तेसेंग' म्हणतात. बियाणं कुणाचं, खत कुणाचं यावर पिकाचा वाटा ठरतो. पेरणी कधी करायची हे मात्र एकट्याने ठरवायचं नाही. शेतकरी, पाटबंधाऱ्याचे लोक, जुनी जाणती माणसं एकत्र बसतात. या बैठकीचं नाव 'तुदांग सिपुलुंग', म्हणजे एकत्र बसणं.

आणि पैशाची अडचण आली तर शेत गहाण, म्हणजे 'सान्रा'. पैसे देणारा शेत कसतो, पीक त्याचं. पैसे परत केले की शेत परत. १९६०च्या कायद्यानुसार शेतजमीन सात वर्षं किंवा त्याहून जास्त गहाण राहिली असेल, तर पैसे न घेता मूळ मालकाला परत करायची. कारण तोवर पिकातून पैसे वसूल झालेले असतात. कायदा छान आहे. पण व्यवहार नात्यात आणि तोंडी झालेला असतो, मग कायदा दाखवायला जाणार कोण?

शेत गहाण पडायचं एक मोठं कारण आपल्या वयाच्या लोकांशी थेट संबंधित आहे. ते म्हणजे लग्न.

पदवी वाढली, रेट वाढला

बुगिस लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना पैसे देतात. वाचून पहिली प्रतिक्रिया 'वा, उलटा हुंडा!' अशीच होते. थांबा.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली 'दुइ मेनरे', सगळीकडे 'उआंग पनाई' या नावाने ओळखली जाणारी रक्कम. ही लग्नाच्या खर्चासाठी. ती दोन्ही घरांची बोलणी होऊन ठरते आणि मांडव, जेवणावळी यात संपते. मुलीचं घराणं कोणतं, शिक्षण किती, नोकरी आहे का, हजला जाऊन आली का, यावर आकडा चढतो. मुलगी डॉक्टर असेल तर विचारूच नका. मागणी कोट्यवधी रुपियांत जाते. (घाबरू नका, पाच कोटी रुपिया म्हणजे आपले साधारण अडीच-तीन लाख रुपये. पण भातशेती करणाऱ्या घरासाठी तेही थोडे नाहीत.) मोठा आकडा म्हणजे मुलीच्या घरची इज्जत. या इज्जतीला बुगिस भाषेत 'सिरी' म्हणतात. लाज आणि मान दोन्ही त्या एकाच शब्दात. कमी आकड्याला हो म्हटलं तर मुलीकडच्यांची सिरी जाते, देता आला नाही तर मुलाकडच्यांची.

मग मुलं काय करतात? काही जण कालिमांतानला किंवा मलेशियातल्या साबाह राज्यात पाम तेलाच्या मळ्यांत कामाला जातात. कुणाच्या घरी खाचर गहाण पडतं किंवा विकलं जातं. काही जोडपी पळून जातात. २०१६ मध्ये याच विषयावर 'उआंग पनाई' नावाचा सिनेमा आला. २०२२ मध्ये दक्षिण सुलावेसीच्या उलेमा परिषदेने फतवा काढून सांगितलं, की रक्कम झेपेल एवढीच ठेवा, लग्न अवघड करू नका. तरी आकडे चढतायत. मुलगी शिकली म्हणून तिचा 'रेट' वाढला, ही गोष्ट तिच्या शिक्षणाचा मान आहे की तिची किंमत लावणं आहे, यावर तिथल्या तरुणांमध्येही वाद आहेत.

दुसरी गोष्ट 'सोम्पा'. हिची चर्चा कमी होते, पण मला हीच जास्त महत्त्वाची वाटली. हा मेहेर आहे, म्हणजे थेट नवरीचा हक्क. पूर्वी तो घराण्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेला असायचा. आज अनेक घरांत तो जमिनीच्या रूपात देतात. भातखाचराचा तुकडा किंवा बाग. लग्न लावताना तो सगळ्यांसमोर जाहीर करतात. ती जमीन नवरीची, नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. भांडणं यातही होतात. लग्नात जाहीर केलेली जमीन प्रत्यक्षात नावावर केलीच नाही, अशी प्रकरणं कोर्टात जातात. पण भांडायला तिच्याकडे आधार असतो. शंभर लोकांनी ऐकलेलं असतं.

तुझं, माझं आणि 'चक्करा'

लग्नानंतर नवराबायकोने मिळून जे कमावलं त्याला बुगिस रूढीत खास शब्द आहे, 'चक्करा'. नवरा शेतात राबला, बायकोने रेशीम विणलं, बाजारात बसली, घर सांभाळलं. त्यातून आलेली मालमत्ता दोघांची. लग्नाआधीचं ज्याचं त्याचं. इंडोनेशियाच्या १९७४च्या विवाह कायद्यातही हीच विभागणी आहे. १९९१च्या मुस्लिम कायदा संहितेनुसार घटस्फोट झाला तर वेगळा करार नसल्यास निम्मं निम्मं. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी व्यवस्था गोव्यात आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नवराबायको मालमत्तेत निम्मे भागीदार असतात. महाराष्ट्रात असं नाही.

वारशाचं काय? इथे बुगिस गाव काही स्वर्ग नाही. त्यांच्याकडे म्हणतात, की पुरुष कावडीने ओझं नेतो आणि बाई डोक्यावर. कावडीला दोन टोपल्या, डोक्यावर एक. म्हणजे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. मुस्लिम वारसा कायद्याशीही हे जुळतं. पण संहितेत एक दारही ठेवलंय. प्रत्येकाला आपला वाटा किती हे कळल्यानंतर सगळे वारस संमतीने वेगळी वाटणी करू शकतात. काही घरांत समान वाटणी होते, काही ठिकाणी आईवडील जिवंत असतानाच वाटून देतात. राहतं घर अनेकदा म्हातारपणी आईवडिलांजवळ राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जातं. लग्नानंतर जावयाने काही काळ सासुरवाडीत राहण्याची पद्धत आहे, त्यामुळे ही 'जवळ राहणारी' पुष्कळदा मुलगीच असते.

मी तीन-चारदा वाचलं ते हे वाक्य, 'वाटा किती हे कळल्यानंतर'. आपल्याकडे कायदा जास्त चांगला आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा. पण आत्याने सही केली तेव्हा तिचा वाटा किती होता, हे तिला कुणी सांगितलं होतं?

एका ओळीची जागा

आता बुगिस गावांतही कागद येतोय. २०१७ पासून इंडोनेशिया सरकार गावंच्या गावं मोजून मालकीची प्रमाणपत्रं देतंय. त्याआधी अनेकांकडे जुनी कराची नोंद, 'रिंचिक', एवढाच पुरावा असायचा. प्रमाणपत्र हातात आलं की बँक कर्ज देते, म्हणून लोकांनाही ते हवंय. पण त्यावर नाव कुणाचं घालायचं? चक्करा दोघांचं असतं. कागदावर घरातला कर्ता म्हणून नवऱ्याचं एकच नाव पडलं, तर उद्या ते दोघांचं होतं हे बायकोला सिद्ध करावं लागणार. गावाने तोंडी जपलेलं कागदाच्या एका ओळीत हरवू शकतं.

मागच्या आठवड्यात आत्याला फोन केला. सांगितलं, की घर त्याचं आणि जागा दुसऱ्याची असं चालतं तिथे. तिला ते पटलं. मग सोम्पाचं सांगायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं.

"लग्नातच सांगतात? सगळ्यांसमोर?"

"हो, आत्या."

"मग बरं आहे. नंतर मागायला लागत नाही."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी पुण्याचा फ्लॅट घेतला ना, त्यावर वहिनीचं नाव आहे का गं?"

मला माहीत नव्हतं. दोन दिवस धीर गोळा केला आणि काल जेवताना विचारलं. बाबा म्हणाले, "का? आज अचानक?" आई पोळी वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. नाव नाहीये.

बाबा विचार करतो म्हणालेत. तुमच्या घरच्या कागदावर कुणाकुणाची नावं आहेत, कधी पाहिलंय?